लघुचित्रासारखी फ्रेम हवी असेल तर रंगापासून सुरुवात करू नका

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला नीट कळलाय का ते तुम्हालाही तपासता येईल. विरहिणीची गोष्ट, पंधरा मिनिटांची फिल्म, वाईजवळच्या वाड्यात दोन दिवसांचं शूटिंग झालेलं. डोळ्यांसमोर कांगडा आणि मेवाड शैलीतली बारामासाची, म्हणजे विरहिणीच्या बारा महिन्यांची, लघुचित्रं होती. झरोका, समया, कमळं, जरीची वस्त्रं सगळं जमवलं, ग्रेडिंगमध्ये, म्हणजे शूटिंगनंतर रंग सुधारताना, लाल-पिवळा वर काढला, तरी पडद्यावर दागिन्यांच्या जाहिरातीसारखं दिसतंय. आता तुम्हाला तीन गोष्टी हव्या आहेत: कुठला एलयूटी (फ्रेमचे रंग बदलणारं तयार गणित) लावू, कुठली लेन्स घेऊ, आणि चित्राला असतो तसा हाशिया फ्रेमभोवती टाकू का.

मी २८ वर्षं कॅमेरा करतोय. त्याआधी तीन वर्षं एका कलादिग्दर्शकांच्या हाताखाली पडदे रंगवले. तुम्ही जिथे अडकलात तिथे मीही एका पौराणिक मालिकेच्या वेळी अडकलो होतो. तेव्हा आम्ही एक पहाडी, म्हणजे हिमालयाकडच्या शैलीतलं, चित्र समोर ठेवून सेट हुबेहूब उभा केला. कमानी तशाच, गालिचा तसाच, नायिकेची बसण्याची ढबही तशीच. मग मी सवयीनं तिच्या मागून कडक बॅकलाइट मारला, ५० मिमीची लेन्स लावली, आणि चित्र गेलं. वस्तू सगळ्या चित्रातल्या होत्या, बघणारा डोळा मात्र आमच्या रोजच्या मालिकेचा होता. तुमच्या फिल्मचं तेच झालंय असं मला वाटतं. म्हणून खरा प्रश्न असा आहे: या चित्रांत बघणारा कुठे उभा असतो, उजेड कुठून येतो आणि वेळ कसा चालतो? याची उत्तरं मिळाली की लेन्सचं उत्तर आपोआप मिळतं आणि एलयूटीचा प्रश्न उरत नाही.

जाहिरातीसारखं किंवा कॅलेंडरसारखं का दिसतं याचं एक कारण आपल्या इतिहासात आहे. ‘जुनं भारतीय चित्र’ म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे बहुतेक वेळा रविवर्म्याची ओलिओग्राफ, म्हणजे तैलचित्रांच्या छापील प्रती, येतात, आणि आपल्या सिनेमाचा जन्मही त्याच घरातला आहे. दादासाहेब फाळके जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकले, रविवर्मा प्रेससाठी त्यांनी छपाईचं काम केलं आणि मग १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आणला. कोल्हापूरचे बाबूराव पेंटर नाटकांचे पडदे रंगवत होते, त्यांनी कॅमेराही स्वतः बनवला. त्यांच्या तालमीत तयार झालेल्या दामले-फत्तेलालांपैकी फत्तेलाल स्वतः चित्रकार. म्हणजे चित्रकलेतून सिनेमात आलेला रस्ता आपल्याकडे अगदी ठळक आहे, पण तो तैलचित्राचा आणि नाटकाच्या पडद्याचा रस्ता आहे. तैलचित्रात उजेड एका बाजूनं येतो, सावली पडते, मागच्या गोष्टी लहान होत जातात. लघुचित्रात यातलं जवळजवळ काहीच नसतं. तुम्ही लघुचित्र मनात धरलंत आणि हातांनी रविवर्मा केलात. त्यात कमीपणा नाही, शंभर वर्षांची सवय आहे ती. पण सवय ओळखल्याशिवाय सुटत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे तेही सांगतो. कांगडा आणि मेवाड ही दोन वेगळी घराणी आहेत आणि एका फिल्ममध्ये दोन्ही एकदम होणार नाहीत. मेवाडची चित्रं, उदाहरणार्थ जगतसिंह पहिला याच्या काळात सुरू झालेलं १६४९ ते १६५३ चं रामायण, ज्यात साहिबदीन हा एक प्रमुख चित्रकार होता, सपाट रंगांच्या चौकटींत उभी राहतात आणि एकाच पानावर एका प्रसंगाचे चार क्षण असतात. हिमाचलातल्या गुलेर-कांगड्याकडे गेलात की डोंगराचा उतार, नदीचं वळण, अंगावरची मऊ छटा येते, डोळ्याला दिसतं त्याच्या बरंच जवळ. तुमच्याकडे वाडा आहे, चौक आहे, ओसरी आणि माडी आहे. मी तुमच्या जागी असतो तर मेवाड धरला असता. नदीकाठ आणि मोकळं रान असतं तर कांगडा. बजेट, दिवस आणि फिल्म कुठे दाखवणार यावरही बरंच ठरतं, त्याकडे शेवटी येतो.

सगळ्यात आधी उजेड. लघुचित्रातली रात्र आठवा. आकाश गडद निळं, त्यात चंद्र, चांदण्या, दासीच्या हातात मशाल. पण नायिकेचा चेहरा दुपारच्या चित्रात असतो तितकाच स्पष्ट. मशालीमुळे तिच्या गालावर नारिंगी झाक येत नाही, जमिनीवर सावली पडत नाही. रात्र आहे ही माहिती आकाश देतं, उजेड देत नाही. प्रत्येक वस्तू जणू स्वतःच्या रंगानं उजळलेली असते.

मग चेहऱ्याला गोलाई येते कुठून? विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात याला ‘वर्तना’ म्हटलंय. कडेकडेनं गडद करत नेणं, पानाच्या शिरांसारख्या रेषांनी किंवा ठिपक्यांनी. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी नीट पाहा. त्याच्या नाकावर, हनुवटीवर उजळ पट्टे आहेत आणि कडा गडद आहेत, पण दिवा कुठे ठेवला असेल हे तुम्हाला सांगता येणार नाही. कॅमेऱ्यावर हे करायची एक साधी रीत मला उशिरा सापडली. उजेड कॅमेऱ्याच्या दिशेनंच यायला हवा, लेन्सच्या जरा वरून, मऊ. समोरून आलेला उजेड गालाच्या मध्यावर पूर्ण पडतो आणि गाल जसजसा वळत जातो तसतसा कमी होतो, म्हणून कडा आपोआप गडद होतात. हीच वर्तना. बॅकलाइट याच्या बरोबर उलट करतो, कड उजळवतो. म्हणून बॅकलाइटची एक चमकती रेघ आली की चित्र संपतं आणि जाहिरात सुरू होते. तुम्ही पाठवलेल्या स्टिल्समध्ये प्रत्येक फ्रेमला ती रेघ आहे. लाइटदादांना सांगून तो दिवा आधी बंद करा. खरंच सांगतो, अर्धं काम तिथेच होईल.

वाड्याचा चौक तर यासाठी वरदान आहे. आम्ही एकदा चौकावर वीस बाय वीसचं मांजरपाट ताणलं होतं, सुतळीनं चारी खांबांना बांधून. वारा आला की ते शिडासारखं फुगायचं, म्हणून खालून आडव्या दोऱ्या मारल्या. खाली सावल्याच नाहीशा झाल्या. कोरं मांजरपाट उजेडाला किंचित पिवळट करतं, ते मला आवडलं. तुम्हाला नको असेल तर धुवून पांढरं केलेलं घ्या. समोरून थर्माकोलच्या दोन शीट लावल्या की चेहऱ्यापुरतं काम भागतं. महागडा दिवा लागत नाही.

आता कॅमेरा कुठे ठेवायचा. लघुचित्रात मागचा माणूस पुढच्यापेक्षा लहान होत नाही, किंवा झालाच तर हुद्द्यानं लहान असतो, अंतरानं नाही. गच्चीच्या दोन कडा दूर जाऊन एका बिंदूत मिळत नाहीत, समांतर राहतात. जमीन उभी राहिल्यासारखी वर चढते आणि तिच्यावरच्या वस्तू एकमेकींना झाकत नाहीत. बघणारा कुठल्याही एका जागी उभा नाही. कॅमेरा मात्र एका जागी उभा राहतोच, त्याला इलाज नाही. पण त्याला खूप लांब नेता येतं. वस्तू लहान-मोठ्या दिसणं हे लेन्सवर नाही, अंतरावर ठरतं. कॅमेरा तीन फुटांवर असेल तर पुढचा हात मोठा आणि मागचा चेहरा लहान दिसणारच. चाळीस फुटांवर नेलात तर पुढची आणि मागची बाई जवळजवळ सारख्या उंचीच्या दिसतात. लांब लेन्स फक्त त्या अंतरावरून फ्रेम भरून देते.

तेव्हा कॅमेरा समोरच्या माडीवर चढवा. चाळीस फूट म्हणजे साधारण बारा मीटर धरा. सुपर ३५ सेन्सरवर (सिनेमा कॅमेऱ्यांचा एक नेहमीचा आकार) ८५ मिमी लावली की साडेतीन मीटरच्या आसपास रुंदी फ्रेममध्ये येते. दोन बायका, एक झोपाळा आणि ओसरीचा एक खण त्यात बसतो. एकटी नायिका हवी तर १३५. माडीच्या उंचीवरून फरशी आपोआप वर चढलेली दिसते, आणि अंतर जास्त असल्यामुळे खांब फारसे तिरके होत नाहीत. कॅमेरा भिंतीला काटकोनात ठेवा किंवा जाणीवपूर्वक तिरका ठेवा, अधलामधला कोन नको.

लांब लेन्स म्हटलं की लोक मागचं धूसर करायला धावतात. इथे ते चालणार नाही. लघुचित्रकार दूरच्या झाडाचं पानन् पान काढतो. त्याच्यासाठी मोर, नायिका आणि खिडकीतली दासी तिन्ही सारख्याच खऱ्या असतात. बारा मीटरवर, ८५ मिमीला एफ ८, म्हणजे लेन्सचं छिद्र बरंच लहान, ठेवलंत तर साधारण नऊपासून अठरा मीटरपर्यंत सगळं शार्प राहतं. मांजरपाटाखालच्या दिवसाच्या उजेडात ८०० आयएसओला (सेन्सरची संवेदनशीलता) एफ ८ सहज मिळतो. फोकस सांभाळणाऱ्या फोकस पुलरला त्या दिवशी फारसं काम नसतं, कलाविभागाला मात्र दुप्पट असतं, कारण मागचा प्रत्येक तांब्या दिसणार असतो.

मणी कौल यांचा १९७३ चा ‘दुविधा’ पाहिला नसेल तर पाहा, नवरोझ कॉन्ट्रॅक्टर यांचं छायालेखन आहे. कांगडा आणि बसोली या पहाडी शैलींतल्या चित्रांचा त्यावरचा परिणाम सगळ्यांना माहीत आहे, पण तुम्ही पाहताना वस्तू मोजू नका. तिथे झरोके-कमळांची आरास नाही. पांढरी भिंत, लाल ओढणी, एक हात, आणि त्या हातापाशी थांबलेला वेळ आहे. अमित दत्तांचा ‘नैनसुख’ (२०१०) दुसऱ्या वाटेनं जातो. गुलेरच्या त्या चित्रकारावरची ही फिल्म, बी. एन. गोस्वामींच्या संशोधनावर उभी, त्यात मूळ चित्रांतले प्रसंग माणसांकडून पुन्हा उभे केले आहेत. तुम्हाला कुठली वाट जवळची वाटते ते दोन्ही पाहिल्यावर कळेल.

आता वेळ. मला सगळ्यात जास्त प्रेम याच भागाचं आहे, आणि बहुतेक जण याचा विचारच करत नाहीत. मेवाडच्या एका पानावर राम तीनदा दिसतो. तो तीन जण नाही, तीन क्षण आहे. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकात, म्हणजे बुद्धाच्या एका पूर्वजन्माच्या कथेत, राजपुत्र पुन्हा पुन्हा भेटतो आणि एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना मध्ये एखादा खांब, दार किंवा झाड येतं. तिथे चौकट नाही. तुम्ही भिंतीपाशी चालता आणि गोष्ट पुढे सरकते. ट्रॉलीच्या शोधाआधीची ट्रॉली आहे ती, फक्त चाकांऐवजी बघणाऱ्याचे पाय.

हे आम्ही एका लघुपटात करून पाहिलं. ओसरीला पाच खांब होते. ट्रॉली डावीकडून उजवीकडे, संथ. पहिल्या खणात नायिका पत्र वाचत बसलेली. कॅमेरा खांबाआडून पुढे सरकला, दुसऱ्या खणात रिकामा पाट आणि विझलेली समई. तेवढ्यात ती कॅमेऱ्याच्या मागून पळत जाऊन चौथ्या खणात दाराला टेकून उभी राहिली, आणि तिसऱ्या खणातली दासी ओलांडून कॅमेरा तिच्यापर्यंत पोचला तेव्हा ती तिथे कधीची उभी आहे असं वाटलं. कट नाही, कसली करामत नाही. अकरा टेक झाले, कारण धावल्यावर तिचा श्वास दिसायचा. शेवटी ट्रॉली आणखी हळू केली, तेव्हा जमलं. प्रेक्षकांपैकी एकानंही ‘ती तिथे कशी पोचली’ असं विचारलं नाही. महिने गेले हे सगळ्यांना कळलं. तुमच्या विरहिणीला बारा महिने काढायचे आहेत आणि तुमच्याकडे पंधरा मिनिटं आहेत. डिझॉल्व्हनं ऋतू बदलण्यापेक्षा हे करून पाहा.

रात्रीच्या प्रसंगासाठी राजस्थानातली पाबूजीची फड आठवा. पंधरा फुटांच्या आसपास लांबीचं कापड, त्यावर सगळी गोष्ट एकदम. रात्री भोपा, म्हणजे लोकदेव पाबूजीचा पुजारी-गायक, गातो आणि भोपी दिवा घेऊन ज्या चित्राचं गाणं चाललंय तिथे उजेड धरते. कापड हलत नाही, उजेड हलतो, आणि तेवढाच भाग जिवंत होतो. आपल्याकडे कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी याच्या वेगळ्या टोकाला आहेत. ते पोथीतलं एकेक चित्र समोर धरतात आणि प्रसंग संपला की पुढचं काढतात, म्हणजे सरळ कटच. एक हलता क्लोजअप, दुसरा कट, आणि दोन्ही कॅमेऱ्याच्या कितीतरी आधीचे. मघाशी मी रात्रही एकसारख्या उजेडात ठेवा म्हणालो आणि आता दिवा फिरवा म्हणतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. दोन्ही एका प्रसंगात करू नका. पानाचं शास्त्र वेगळं, फडीचं वेगळं.

आता तुमचा पहिला प्रश्न, एलयूटी. एलयूटी पूर्ण फ्रेमवर एकच नियम लावतो. लाल दिसला की तो वाढवतो, मग तो ओढणीचा असो, ओठांचा असो की विटांचा. लघुचित्रकारानं रंग जागेनुसार निवडलेला असतो, इथे हिंगुळाचा लाल, तिथे पेवडीचा पिवळा, आकाशाला नीळ. त्याच्याकडे रंग मोजकेच होते आणि घोटून, थरावर थर देऊन, मागून अकीकानं घासून त्यांना झळाळी आणलेली असे. ही निवड कपड्यांत आणि भिंतीवर व्हायला हवी, डीआयच्या, म्हणजे ग्रेडिंगच्या, खोलीत उशीर झालेला असतो. पाच रंग ठरवा. कापडं रंगवून घ्या, चमकणारं कृत्रिम कापड टाळा, ते प्रत्येक दिव्याची खूण दाखवतं. तुमची जरी तिथेच घात करते. भिंत सपाट एका रंगाची हवी, तिच्यापुढे माणूस कापून काढल्यासारखा दिसला पाहिजे. लाल मात्र डोळ्याला हवा त्यापेक्षा थोडा मळकट घ्या. भडक लालात सेन्सर चुण्या गिळतो, नुसता लाल डाग उरतो. चाचणी शॉट घेतल्याशिवाय एकही वस्त्र पक्कं करू नका.

त्याच चित्रसूत्रात एक श्लोक आहे. आचार्य रेषेची वाखाणणी करतात, जाणकार वर्तनेची, स्त्रियांना आभूषणं आवडतात आणि बाकीच्या लोकांना रंगांची समृद्धी. स्त्रियांबद्दलचं म्हणणं त्या काळचं आहे, ते मला पटत नाही. पण क्रम पाहा: रेषा पहिली, रंग शेवटी. सिनेमात रेषा म्हणजे शरीराची ढब, मानेचं वळण, बोटांची जागा. तुमच्या नायिकेच्या बसण्यावर तुम्ही किती वेळ दिलात? आम्ही त्या लघुपटात लाइटिंगपेक्षा जास्त वेळ त्यावर दिला होता आणि एका कथक नृत्यांगनेला सेटवर बोलावलं होतं. त्यालाही आधार तिथलाच आहे. वज्र राजा मार्कंडेय ऋषींकडे मूर्तिकला शिकायला जातो, तर ऋषी म्हणतात, आधी चित्र शिक. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य, आणि वाद्यासाठी गायन. चित्राच्या मुळाशी लय आहे, आणि एडिटिंगच्या टेबलावर बसलेल्या माणसाला तर हे वेगळं सांगायला नको.

हाशियाबद्दल माझं मत स्पष्ट आहे. डिजिटल बॉर्डर लावू नका, लग्नपत्रिका होते. मूळ चित्रांत हाशिया असतो खरा, पण कितीतरी चित्रांत झाडाचा शेंडा, ध्वज किंवा घोड्याचं पाऊल त्याला ओलांडून बाहेर येतं. आतल्या जगाला तो पुरत नाही, यातच त्याची मजा आहे. तुमच्या वाड्यात दारांच्या चौकटी आहेत. कॅमेरा अंधाऱ्या खोलीत मागे न्या, चौकटीतून चौक पाहा, आणि एखाद्या पात्राला त्या चौकटीतून अलीकडे येऊ द्या. काम झालं.

शेवटचा मुद्दा, फिल्म दिसणार कुठे. मोठ्या पडद्यावर इतकी तपशिलानं भरलेली, सगळीकडे शार्प असलेली फ्रेम फिरून पाहायला वेळ लागतो, म्हणून शॉट लांब ठेवा. मोबाइलवर जाणार असेल तर निराश होऊ नका. ही चित्रं मुळात हातात धरून, मांडीवर ठेवून पाहायचीच होती. फक्त फ्रेममध्ये माणसं कमी ठेवा, चेहरा ओळखू आला पाहिजे. अकबराच्या काळचा हमझानामा हा सचित्र कथाग्रंथ मात्र कापडावर मोठ्या आकारात रंगवला होता आणि मजकूर मागच्या बाजूला होता. म्हणजे आकार आणि बघण्याची रीत यांचा मेळ तेव्हाही घालावा लागत होता.

पुन्हा शूटिंग करायचं तुम्ही ठरवलंच असेल तर आधी मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातल्या लघुचित्रांपुढे एक पूर्ण दिवस द्या, छापील प्रतींवर विसंबू नका, त्यांत रंग आणि आकार दोन्ही खोटे असतात. वाईला आहातच, तर मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यातली भित्तिचित्रंही पाहून या. मग दोन माणसं, एक कॅमेरा आणि मांजरपाट घेऊन वाड्यात अर्धा दिवस चाचणी करा. माडीवरून ८५ मिमी, एफ ८, बॅकलाइट बंद, नायिका झोपाळ्यावर, मागे दासी, दोघी शार्प. ग्रेडिंग न करता ती एक फ्रेम मला पाठवा. श्रावणात जमलं तर उत्तम, ढगांमुळे मांजरपाटसुद्धा लागणार नाही, आणि विरहिणीच्या आकाशाला हवी ती नीळ फुकटात मिळेल.